राणीचा उंबरा

ती फळी लावून घ्या आधी. वारा आत शिरला की मिठाची धूळ डोळ्यांत जाते. हं. आता हेरिंग मासळीची पिंपं उजाडेपर्यंत राखायची, झोपायचं कुणी नाही, आणि हा आन्नर्स मघापासून माझी टिंगल करतोय, की म्हातारा अंधार पडला की खाडीच्या वाटेनं जात नाही म्हणून. नाही जात. का जात नाही ते सांगतो. मग तू जा हो, आन्नर्स. आम्ही इथूनच बघू.

ही ऐकीव गोष्ट नाही. माझा सख्खा थोरला भाऊ तोर्किल, त्याच्या बायकोची गोष्ट. गुनवोर वहिनी. खळखळून हसायची, आणि तोंडानं अशी फटकळ की बाजारात मासळीवाल्या तिच्याशी घासाघीस करत नसत. त्या हिवाळ्यात मी गलबतावर होतो. परत आलो तेव्हा भावानं मला सगळं एकदा सांगितलं, भिंतीकडे तोंड करून. पुन्हा कधी त्यानं त्यातलं अक्षर काढलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

राणी ओडिला तुमच्यातल्या कुणी पाहिली नसेल. मी पाहिली, ती आली त्या दिवशी. सॅक्सनीची पोर, चौदा वर्षांची, अख्ख्या वाटेत ओकत आलेली. धक्क्यावर उतरली तेव्हा तोंड हिरवं पडलं होतं. राजानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शेजारी उभ्या असलेल्या आपल्या भावाला म्हणाला, "एवढीशीच? बाकीची मागच्या गलबतातून येतेय का?" धक्काभर हसू पसरलं. तिला आपली भाषा येत नव्हती. सगळे हसताहेत म्हणून बिचारी तीही हसली.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्यानं बायकोला भेट द्यायची आपली रीत. राजानं तिला काही गावं दिली, त्यात आपलं एक. तेव्हापासून आपण राणीचे. तिच्या कुरणात आपली गुरं, तिच्या गिरणीत आपले जव. वाईट नव्हती ती. पण तिला झाल्या मुली. एक, दोन, तीन. प्रत्येकीचं दूध तुटलं की तिला मठातल्या बायकांकडे धाडायचे आणि राणीला पुन्हा पलंगावर. राजाची आई, थोरली राणी, जेवणाच्या टेबलावर सगळ्यांदेखत म्हणायची, "सूनबाईंना एकच काम दिलं होतं, तेही उलटं करून ठेवतात." ओडिला मान खाली घालून भाकरी कुस्करत बसायची. एव्हाना तिला भाषा येत होती, हेच वाईट.

चौथ्यांदा दिवस गेले. त्या वेळी, नाताळ उलटल्यावर, किल्ल्यावरून आपल्या गावात माणूस आला. राजपुत्राला पाजायला दाई हवी, आणि दाई राणीच्या गावचीच लागते. वहिनी नुकतीच बाळंत झालेली. पहिलाच मुलगा, आस्गेर. माणसानं तिला दारात उभी करून दात पाहिले, दूध पाहिलं, आणि म्हणाला, "चल."

"पोराला घेते," वहिनी म्हणाली.

"पोर इथंच राहील. दूध राजपुत्राचं आहे."

"राजपुत्र अजून पोटात आहे. तोवर काय चुलीत ओतू?"

तो हसलासुद्धा नाही. वहिनी गेली. तोर्किल शेळीच्या दुधात चिंधी बुडवून पोराला चोखायला द्यायचा. पोर प्यायचं आणि ओकायचं, प्यायचं आणि ओकायचं. किल्ल्यात रोज सकाळी वहिनीचं दूध पिळून काढायचे, आटू नये म्हणून, आणि ते वाडगं थोरल्या राणीच्या कुत्रीपुढे ठेवायचे. वहिनी ते बघत उभी राहायची. गावाकडून येणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, माझं पोर कसं आहे? लोक म्हणायचे, बरं आहे. एकदा लाकडं घेऊन गेलेल्या बाईनं खरं सांगितलं. म्हणाली, "वाळतंय, गुनवोर. आता रडतही नाही फारसं."

मग राणीच्या कळा सुरू झाल्या. दोन रात्री, दोन दिवस. मूल अडलं. तिसऱ्या दिवशी सुईणीनं हात पुसले आणि सांगितलं की दोघांतलं एकच हाती लागेल. थोरली राणी खिडकीशी भरतकाम करत बसली होती. तिनं विचारलं, "मुलगा आहे?"

"लक्षणं तशी दिसतात."

"मग बघता काय माझ्या तोंडाकडे? सुना समुद्रापलीकडे पुष्कळ आहेत."

चिरफाड करणाऱ्या न्हाव्याला बोलावलं. आई मेली की पोट फाडून मूल काढायचं, असं चर्चही सांगतं. मेली की. पण थांबायला कुणाला वेळ नव्हता. वहिनीला म्हणाले, तू अंगानं दणकट आहेस, खांदे धर. तिनं धरले. पोरांनो, तुम्ही असता तर तुम्हीही धरले असते. राणी बराच वेळ आपल्या मुलखाच्या बोलीत काहीबाही बोलत होती. मग वहिनीच्या डोळ्यांत बघून आपल्या भाषेत, अगदी स्वच्छ म्हणाली, "थांबा ना... मी अजून आहे."

कुणी थांबलं नाही.

मुलगाच झाला. घंटा वाजल्या, बिअरची पिंपं फोडली. मुलाला वहिनीच्या छातीशी लावलं आणि त्यानं तोंड फिरवलं. पुन्हा लावलं, पुन्हा फिरवलं. पहिल्या दिवशी होतं असं, म्हणाले सगळे.

आता बाळंतिणीचं तुम्हाला माहीत आहे. चाळीस दिवस तिचा पाय चर्चमध्ये पडत नाही. दिवस भरले की ती मेणबत्ती घेऊन चर्चच्या दाराशी उभी राहते, पाद्री विचारतो दाराशी कोण, ती आपलं नाव सांगते, आणि तो हात धरून तिला उंबऱ्याच्या आत घेतो. झाला उंबरा. तोवर तिनं सूर्य मावळल्यावर बाहेर पडायचं नाही, आणि पडली तर कुणी तिला दार उघडायचं नाही, कारण तिच्यासोबत काय आत येईल याचा नेम नसतो. हे आपल्याला दुधाबरोबर पाजलेलं आहे. आणि उंबरा व्हायच्या आधी मेली, तर? तर दुसरी एखादी बाई तिच्या नावानं उभी करतात. ती मेणबत्ती धरते, तिचं नाव सांगते, तिच्याऐवजी आत जाते. त्याशिवाय मेलेलीला चर्चच्या मातीत जागा नाही.

राणीच्या नावानं उभं राहायला एक बाई मिळेना. सरदारांच्या बायकांना एकाएकी पडसं झालं, एकीचा पाय मुरगळला. सगळ्यांना ठाऊक होतं ती कशी मेली ते. शेवटी थोरली राणी म्हणाली, "त्या दाईला उभी करा. तीही बाळंतीणच आहे."

वहिनी म्हणाली, "माझेच दिवस अजून भरले नाहीत. आठवडा बाकी आहे. माझा उंबरा व्हायचाय."

बिशपला जेवायची घाई होती. तो म्हणाला, "तुझा पुढच्या आठवड्यात करू. आज हिचा उरकून घे."

वहिनी मूर्ख नव्हती. हे चुकीचं आहे हे तिला कळत होतं. पण तिच्या डोळ्यांपुढे वाळत चाललेलं पोर होतं. ती म्हणाली, "उभी राहते. पण मला आजची रात्र घरी सोडा. एक रात्र. पोराला पाजून पहाटे परत येते."

थोरली राणी म्हणाली, "जा. नाहीतरी हा तुझं पीतच नाहीये."

तारीख सांगतो, लक्षात ठेवा. फेब्रुवारीची पहिली. मेणबत्त्यांच्या सणाची, म्हणजे खुद्द मरियेचा उंबरा झाला त्या दिवसाची, आदली रात्र. त्या दिवशी दुपारी वहिनीच्या अंगावर राणीचा झगा चढवला आणि तिला चर्चच्या दाराशी उभं केलं. मागे तिरडीवर राणी. बिशपनं आतून विचारलं, "दाराशी कोण?"

वहिनी म्हणाली, "ओडिला."

तेव्हा तिच्या अगदी कानाशी कुणीतरी श्वास सोडला. बराच वेळ कोंडून धरलेला सोडावा तसा. बिशपनं हात पुढे केला, वहिनीनं धरला, आत गेली. थंडीचे दिवस, हात गारठलेले, तरी तिला वाटलं की दुसऱ्या हातालाही कुणीतरी धरलंय. तिनं वळून पाहिलं नाही. मनात एकच होतं, लवकर आटपा.

आटपायला संध्याकाळ झाली. झगा काढून घेतला, जेवायला कुणी विचारलं नाही. वहिनीनं डोक्याच्या रुमालात एक सुई खोचली, तेवढंच लोखंड अंगावर असावं म्हणून, आणि खाडीची वाट धरली. नुकतंच बर्फ पडून थांबलं होतं. चांदणं स्वच्छ. वाट अशी पांढरी, कोरी... आणि त्या वाटेवर पावलं होती.

तिच्या पुढे कुणीतरी गेलं होतं. आधी तिचा जीव भांड्यात पडला. चला, सोबत आहे, गावातलंच कुणीतरी. तिनं हाक मारली. ओ आली नाही. ती भराभर चालू लागली. पावलं लहान होती, बाईची. गिरणीपाशी वळली, तिथं ही वळली. पुलावरून गेली, ही गेली. पुलाच्या फळ्यांवर बर्फ पातळ होतं, तिथं ठसा नीट उमटला होता. वहिनी वाकली.

पाचही बोटं दिसत होती.

त्या थंडीत, अनवाणी.

परत फिरावं असं तिला वाटलं. फिरली असती तर वाचली असती, असं मी कितीदा तरी मनात म्हणतो. पण तेवढ्यात लांबून, गावाच्या कडेच्या आपल्या घरातून, तिला तिच्या पोराचं रडणं ऐकू आलं. छातीला एकदम पान्हा फुटला. अंगरखा भिजला. ती धावली.

धावता धावता रडणं थांबलं.

पावलं कुंपणातून आत गेली होती. अंगणातून सरळ दाराशी. दाराबाहेर परतलेलं एकही नव्हतं.

वहिनीनं दार ढकललं. आतून अडसर. तिनं थाप मारली. "तोर्किल! उघड. मी आलेय."

 मग भावाचा आवाज, अगदी दाराजवळून, हळू.

"कोण?"

"कोण म्हणजे? गुनवोर."

"...गुनवोर आत आहे."

वहिनीला आधी हसू आलं. "ढोसून बसलायस का? उघड, मी गारठलेय."

"ती मघाशीच आली," तो म्हणाला. "आस्गेरला पाजतेय."

आणि त्या शांततेत वहिनीला ऐकू आलं. चुळूक चुळूक. भुकेलं पोर घटाघटा पितं तो आवाज.

आत काय होतं, ते भावाच्या तोंडून सांगतो. विस्तव विझत आलेला. बाकावर त्याची बायको, पाठमोरी, शाल डोक्यावरून घेतलेली. दार नुसतं लोटलेलं होतं, ती सरळ आत आली, बोलली नाही, पोर उचललं आणि छातीशी धरलं; अडसर भावानं मागून घातला. किती दिवसांनी पोर असं पीत होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, वेड्याच्या. आणि आता बाहेरून तिचाच आवाज. अगदी तिचाच. त्यानंच तर तो घाबरला. कारण बाकावरची आल्यापासून एकही शब्द बोलली नव्हती.

त्यानं वळून विचारलं, "गुनवोर, दाराशी कोण आहे?"

बाकावरची म्हणाली, "मी इथं आहे." घसा बसलेला. जणू फार ओरडून झालंय.

बाहेरची रडायला लागली. "तोर्किल, ती मी नव्हे रे! तिच्या तोंडाकडे बघ! दिवा लाव!"

त्यानं दिवा लावला नाही. पोरांनो, माझा भाऊ भित्रा नव्हता, पण त्यानं दिवा लावला नाही. त्याला एकच गोष्ट सुचली, तुम्हा-आम्हाला सुचेल तीच. त्यानं बाकावरचीला विचारलं, "तुझा उंबरा झाला का?"

"झाला," ती म्हणाली. "आजच. बिशपनं हात धरून आत घेतलं."

मग दाराला तोंड लावून त्यानं बाहेरचीला विचारलं, "आणि तुझा?"

वहिनीला खोटं बोलता आलं असतं. एक शब्द. पण ती फटकळ, सरळ बाई, आणि सणाची आदली रात्र, देवाची भीती. ती म्हणाली, "माझा नाही झाला. तिचा झाला. मी तिच्या नावानं उभी होते..."

भावानं अडसर आणखी घट्ट सारला.

"तुझ्या पाया पडते," ती म्हणाली. "काहीही विचार. पोराच्या कानामागं तीळ आहे, डाव्या. तू मला पहिल्यांदा भेटलास तेव्हा तुझा बूट चिखलात अडकला होता. विचार तिला!"

बाकावरची हळूच म्हणाली, "जे मला माहीत ते तिलाही माहीत. ती आज दिवसभर माझ्याबरोबर चालली."

तेही खरंच होतं. बघा ना. त्या घरात त्या रात्री कुणीच खोटं बोललं नाही.

मग वहिनीनं दाराला पाठ लावून सगळं सांगितलं. किल्ला, कुत्रीचं वाडगं, न्हावी, खांदे, झगा, बर्फातली पावलं. आज मी तुम्हाला जे सांगतोय ते तिनं दाराबाहेर बसून सांगितलेलं आहे. दात वाजत होते. भाऊ दाराच्या आतल्या बाजूला टेकून ऐकत होता. मध्ये फक्त एक फळी. त्याला वाटायचं, उघडावं. मग बाकावरची पोराला दुसऱ्या बाजूला घ्यायची, पोर समाधानानं हुंकारायचं, आणि त्याचा हात थांबायचा. उंबरा न झालेलीला आत घेतलं आणि पोराला काही झालं तर?

"खिडकीतून दे," बाहेरून आवाज आला. "मला आत नको घेऊस. पोर तेवढं बाहेर दे. एवढं दूध आलंय. दुखतंय रे..."

त्यानं कपाळ फळीला टेकलं.

"तोर्किल."

...

"तोर्किल, अंगरखा कडक झालाय. दूध गोठलं."

...

"त्याला पाजलं ना तिनं? पोटभर?"

"हो," भाऊ म्हणाला. अडसर घट्ट सारल्यापासून तेवढाच एक शब्द त्यानं दिला.

"बरं."

मग वारा. नुसता वारा.

कोंबडा आरवला तेव्हा त्यानं मान वळवली. बाक रिकामा. शाल नाही, ओल नाही, काही नाही. आस्गेर पाळण्यात गाढ झोपलेला, मुठी मिटून. अडसर जसाच्या तसा.

त्यानं दार उघडलं. वहिनी दाराला टेकूनच बसली होती, ती आत त्याच्या पायांवर पडली. कडकडीत. छाती उघडी टाकलेली, अंगरख्यावर दुधाची पांढरी साय बर्फासारखी. डोळे उघडे होते. भाऊ म्हणाला, रागावलेले असते तर मला बरं वाटलं असतं.

पुढचं ऐका, संपलं नाही. वहिनी उंबरा व्हायच्या आधी मेली. म्हणजे तिलाही तिच्या नावानं उभी राहणारी बाई हवी. भाऊ गावातल्या प्रत्येक दाराशी गेला. आमच्या आत्याकडे गेला, वहिनीच्या सख्ख्या बहिणीकडे गेला. बहीण दार न उघडताच म्हणाली, "मला माझी पोरं आहेत, भाऊजी." पाद्रीनं हात वर केले. तिला कुंपणाबाहेर पुरलं, उत्तरेच्या अंगाला, जिथं फासावर लटकवलेले पुरतात. खड्डा भावानं एकट्यानं खणला. माती गोठलेली, कुऱ्हाडीनं फोडावी लागली. राणी मात्र आत, संगमरवराखाली, उबेत.

किल्ल्यात राजपुत्राला तीन दाया लावल्या. त्यानं एकीचंही तोंडात घेतलं नाही. थोरली राणी चमच्यानं पाजायची, तो बाहेर काढायचा. ज्याच्यासाठी आईला कापलं, तो भरल्या छात्यांमध्ये उपाशी मेला, लेंटचे उपास लागायच्या आत. त्याच्याकडे रात्री कुणी आलं नाही. उन्हाळ्यात राजानं दुसरी आणली. तीही गलबतातून.

पण मी सांगत होतो वहिनीला पुरलं त्या संध्याकाळचं. भाऊ घरी आला, हातांचे फोड फुटलेले, आणि त्याला एकदम आठवलं की पोराला दोन दिवस कुणी काही पाजलेलं नाही. त्या धांदलीत शेळीसुद्धा कुणी पिळली नव्हती. आणि दोन दिवसांत पोर एकदाही रडलं नव्हतं.  तो पाळण्याकडे धावला. त्याला वाटलं, हेही गेलं.

आस्गेर झोपेत होता. गाल भरलेले, तुकतुकीत. ओठाच्या कडेला पांढरं काहीतरी. भावानं बोटानं पुसलं.

दूध होतं.

कोमट.